कासच्या पठारावर, पाय सांभाळून

मी हुपरीहून बोलतेय. महिला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. एरवी मी इथं येते ती कर्जाच्या परतफेडीबद्दल, इतिवृत्ताच्या वहीबद्दल, नाहीतर बँकेच्या कागदांबद्दल सांगायला. आज मी फुलांबद्दल बोलणार आहे. अर्थात शेवटी वही येईलच, ती काही सुटत नाही.

आधी एक प्रश्न विचारते. तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी गेला होता, ज्यात देव नव्हता, लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता आणि माहेरचं कामही नव्हतं? आमच्या बैठकीत मी हे विचारलं, तेव्हा २६ जणींपैकी दोघींचे हात वर आले. त्यातली एक म्हणाली, "लग्नानंतर पंधरा दिवसांनी महाबळेश्वरला गेलेलो." तिचा मुलगा आता बारावीला आहे.

आमचं गाव चांदीचं, हे तुम्हाला सांगायला नको. पैंजण म्हटलं की हुपरी. पण ते पैंजण किती हातांतून जातं ते दुकानात दिसत नाही. घरोघरी बायका स्वयंपाक उरकून कड्या जोडायला, घुंगरू लावायला बसतात. मजुरी वजनावर मिळते. चांदीचा भाव चढला की गिऱ्हाईक थांबतं, गिऱ्हाईक थांबलं की काम येईनासं होतं. मग गटाचा हप्ता अडतो आणि माझा फोन वाजायला लागतो. अशाच एका मंद महिन्यात आमच्या गटातल्या एका सुनेनं कल्पना मांडली. ती बी.कॉम. झालेली आहे, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "ताई, आपण सहली काढूया. कास पठार. फुलांच्या दिवसांत सगळं कोल्हापूर तिकडं धावतंय. शनिवार-रविवार दोन-दोन मोठ्या बस. पाच आठवडे. हजार माणसं होतात. माणशी दोनशे रुपये सुटले तरी दोन लाख."

दोन लाख म्हटल्यावर बैठकीत एकदम शांतता पसरली. मला तर लगेच पटलं. फक्त आमच्या आक्का म्हणाल्या, "आदी आपण तर बघून येऊया की. न बघता दुसऱ्याला काय दाखवणार?" आक्कांचं वय पासष्टच्या पुढं. माहेर शाहूवाडीकडच्या डोंगरातलं. त्यांचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं.

दिवस ठरवणं सोपं नव्हतं. कासची फुलं साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यात गौरी-गणपती, मग पितृपक्ष. कुणी म्हणालं, पितृपक्षात कुठं जायचं? आक्काच म्हणाल्या, "शुभकार्य न्हाई करायचं. फुलं बघायला काय झालं?" तसंही त्या पंधरवड्यात सराफी थंडच असते. ज्यांच्या घरी म्हाळ होता त्यांच्या तिथ्या वहीत लिहून घेतल्या आणि मधला एक बुधवार काढला. बुधवार निवडायचं दुसरंही कारण होतं. कासला दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातलेली आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात.

पहाटे चारला निघालो. प्रत्येकीचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री. हुपरीहून महामार्गाला लागायचं, कराडवरून साताऱ्याला पोचायचं, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा. सातारा शहरापासून पठार साधारण २५ किलोमीटर. घाट चढताना धुकं इतकं दाट होतं की समोरचा रस्ता दिसेना. मागच्या सीटवर देवाची गाणी सुरू झाली. भीती वाटली की आपल्या बायकांना तेवढंच सुचतं.

वर पोचलो आणि पहिला शब्द कानावर आला, "एवढंच?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मोबाईलवर आपण बघतो ते गुलाबी-जांभळे गालिचे. इथं ओलं, काळपट, खडकाळ माळरान आणि त्यावर धुकं. झाड जवळजवळ नाहीच. आमची हिशेबवाली सून हळूच म्हणाली, "ताई, यासाठी लोक पैसं देतात?"

तिथं संयुक्त वन व्यवस्थापन समितीची माणसं असतात. ही समिती आजूबाजूच्या गावांची आहे, वनखात्याबरोबर मिळून काम करते. आमच्या वाट्याला तिथल्याच गावातली एक ताई आली. अंगावर रेनकोट, हातात काठी. तिनं आमचं "एवढंच?" ऐकलं असावं. ती म्हणाली, "काकी, उभ्यानं बघू नका. खाली बसून बघा."

आम्ही वाटेच्या कडेला उकिडव्या बसलो. आणि मग एक-एक दिसायला लागलं.

आमच्या बायकांचे डोळे बारीक कामाला सरावलेले. केसाएवढ्या तारेची कडी जोडणारीला काय दिसणार नाही? पांढऱ्या गोल मण्यांसारखे गेंद दिसले, जणू कुणी चांदीचे दाणे सांडलेत. त्यांच्या मधेमधे निळसर जांभळी, नखाएवढी फुलं. त्यांचं नाव सीतेची आसवं. पिवळी कवळ्याची फुलं, ज्यांना तिथली पोरं मिकी माऊस म्हणतात, कारण दिसतातच तशी. आणि एकीनं ओरडून दाखवलं, लाल केसांच्या टोकावर पाण्याचे थेंब धरलेलं इवलंसं रोपटं. त्याला दवबिंदू म्हणतात. ते थेंब दवाचे नसतात, चिकट असतात. किडा बसला की अडकतो आणि झाड त्याला पचवतं.

"झाड किडा खातंय?" असं सगळ्यांनी विचारलं. ताईनं नीट समजावलं. ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. वरचा सगळा थर जांभा दगडाचा. त्यावर माती कुठं वीतभर, कुठं बोटभर. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही. पावसाळ्यात पाणी दगडावर साचतं, पावसाळा संपला की सगळं कोरडं ठणठणीत. मातीत कस नाही. म्हणून दवबिंदू किडे पकडतो. सीतेच्या आसवांचंही तेच, त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. यातली बरीचशी झाडं एका पावसाळ्याची असतात. जूनमध्ये उगवायचं, सप्टेंबरात फुलायचं, माती वाळायच्या आत बी टाकायचं आणि संपायचं. पुढच्या वर्षी जे काही येणार ते त्या बियांतून.

अशा जागी फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० हून जास्त जाती नोंदल्या आहेत. काही तर पश्चिम घाटाबाहेर कुठंच नाहीत. टोपली कारवी नावाचं झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं. पश्चिम घाटातल्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत. कास, कोयना, चांदोली आणि आपल्या जिल्ह्यातलं राधानगरी. म्हणजे ज्या भोगावतीचं पाणी आपल्याकडं येतं, तिचं रानही या यादीत आहे. किती जणींना माहीत होतं? मला नव्हतं.

थोडं पुढं गेलो आणि धुकं उठलं. समोर उतारभर गुलाबी तेरडा! मग कुणी "एवढंच" म्हटलं नाही.

आक्का एकदम पुढं झाल्या. "आगं, ही गौरच की!" आपल्याकडं गौरी आणायच्या त्या तेरड्याच्या डहाळ्यांच्या. पंधरा-वीस दिवसांपूर्वीच गौर घरी येऊन गेली होती. आक्कांचा हात सवयीनं झाडाकडं गेला. ताई हळू आवाजात म्हणाली, "आक्का, तोडू नका."

आक्का दुखावल्या. "मी काय नासधूस करतीय व्हय? देवाला न्यायची हाय. माझ्या आईबरोबर मी डोंगरातनं आणायची."

ताई त्यांच्याशेजारी बसली. तिनं एक हिरवी टपोरी शेंग दाखवली. पिकलेल्या तेरड्याची शेंग बोट लागताच फुटते आणि बी उडतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. ती म्हणाली, "तुमच्या गौरीचा तेरडा उंच, तो बांधावर, परसात कुठंबी येतो. हा ठेंगणा, इथल्या दगडावरचा. आज फूल नेलं तर शेंग नाही, शेंग नाही तर पुढच्या वर्षी इथं हे झाड नाही. आज तीन हजार माणसं येतात. एकेकानं एकच नेलं तरी?" आक्कांनी मनात हिशेब केला असावा. त्यांनी हात मागं घेतला आणि तिथूनच तेरड्याला नमस्कार केला. पुढं मग त्याच इतर बायकांना सांगत होत्या, "हात नको लावू गं, बी पडू दे."

आता माझी चूक सांगते. सगळ्यांना वाटेवरूनच चाला म्हणून बसमध्ये सूचना देणारी मीच. पण फोटो काढताना चांगला कोन मिळावा म्हणून दोन पावलं वाटेबाहेर टाकली. वाटलं, इथं तर नुसतं गवत आहे. ताईनं मला काही म्हटलं नाही. फक्त माझ्या चपलेच्या कडेला बसली आणि दाखवलं. माझ्या टाचेखाली गेंदाचे चार-पाच मणी आणि सीतेच्या आसवांचा एक पुंजका चिखलात दाबला गेला होता. माझ्या पाठोपाठ आमच्यातल्या आणखी तिघी तिथं आल्या होत्या, कारण ताई गेली म्हणजे चालतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. गटाचं काम करताना मी नेहमी सांगते, पुढारीणबाईनं हप्ता चुकवला की सगळा गट चुकवतो. तिथं ते मला पायाखाली दिसलं.

डबे खायला बसलो तेव्हा मी ताईला विचारलं, "एवढं जपायचं असेल तर कुंपण का घालत नाही?" ती हसली. म्हणाली, "घातलेलं की."

ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गर्दी वाढल्यावर पठाराच्या काही भागाला जाळीचं कुंपण घातलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण त्याबरोबर गावची गुरंही आत जायची थांबली. पिढ्यान्‌पिढ्या ही गुरं तिथं चरत होती. ती थांबल्यावर काही वर्षांत उंच गवत माजलं आणि त्याखाली बुटकी फुलझाडं कमी व्हायला लागली, असं गावकरी म्हणायला लागले. वनस्पतींच्या अभ्यासकांनीही तेच सांगितलं. शेवटी ते कुंपण काढलं गेलं. म्हणजे माणसांच्या झुंडीनं फुलं मरतात आणि सगळं बंद करूनही मरतात. गुरं किती, माणसं किती, कुठून चालायचं, कधी थांबायचं, हे रोजच्या रोज बघत राहावं लागतं. ते काम करणारी माणसं तिथली गावकरीच.

मी तिला कमाईचंही विचारलं. आपण बायका ते विचारल्याशिवाय राहत नाही. ती म्हणाली, हंगामात समितीमुळं गावातल्या पोरापोरींना काम मिळतं. कुणी कणसं भाजून विकतं, कुणी जेवण देतं. पण हंगाम चार-सहा आठवड्यांचा. "त्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. लोक पाण्याच्या बाटल्या टाकून जातात, त्या आम्ही वेचतो. रविवारच्या गर्दीतनं किती मिळालं ते सोमवारी फुलं बघून कळतं." हे वाक्य आमच्या हिशेबवाल्या सुनेनं ऐकलं. ती काही बोलली नाही.

येताना बसमध्ये फारशी गाणी झाली नाहीत. सगळ्या दमलेल्या.

पुढच्या बैठकीत विषय निघालाच. मी म्हटलं, मला वाटतं कासचे दोन लाख आपण सोडून द्यावेत. शनिवार-रविवारच्या गर्दीत आणखी चार बस घालायला माझं मन घेत नाही. त्यावर ती सून जे बोलली ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "ताई, फुलं जगतील. आमचं काय? महिना झाला, माझ्या घरात एक कडी जोडायला आली न्हाई. तुमचा पगार चालू हाय."

मैत्रिणींनो, ती खरं बोलली. माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. पोट रिकामं ठेवून निसर्ग जपा असं सांगणं सोपं असतं, आणि सांगणाऱ्याचं पोट बहुतेक भरलेलं असतं. त्या दिवशी बैठक दोन तास चालली. चहा दोनदा झाला.

वाट काढली ती आक्कांनीच. त्या म्हणाल्या, "बस न्यायच्याच हाईत न्हवं? मग जिथं बसनं काय बिघडत न्हाई तिथं न्या. पौर्णिमेला वाडीला जाऊ दे, रविवारी जोतिबाला जाऊ दे. पंढरपूर हाय, तुळजापूर हाय. देवाला गर्दीची सवय हाय. त्या सीतामाईच्या आसवांना न्हाई."

सगळ्या हसल्या. पण सुनेनं तिथंच पेन काढलं. वाडी आणि जोतिबाच्या सहली वर्षभर चालतात, पाच आठवडे नव्हे. तिचा हिशेब बदलला आणि डोळेही जरा चमकले. मग वहीत ठराव लिहिला. तो वाचून दाखवते.

एक, गटातर्फे देवदर्शनाच्या सहली दर महिन्याला काढायच्या. दोन, कासची सहल वर्षाला तीनच, फक्त आठवड्याच्या मधल्या वारी, २५ माणसांची एकच छोटी गाडी, नोंदणी आधी केलेली. तीन, निघण्यापूर्वी प्रत्येकाला सांगायचं की वाटेवरून चालायचं, फूल तोडायचं नाही, डबा स्टीलचा आणि कचरा परत हुपरीला आणायचा. चार, जेवण-कणीस तिथल्या गावकऱ्यांकडूनच घ्यायचं, म्हणजे पैसा तिथं राहील.

कासच्या तीन सहलींतून माणशी दोनशे धरले तर पंधरा हजार सुटतील. दोन लाखांचे पंधरा हजार झाले. बाकीचे देवाच्या वाटेवर मिळवायचे. जमतंय की नाही ते वर्षाअखेर याच ठिकाणी येऊन खरंखरं सांगेन.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं सांगते. जाण्याआधी कासच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षी हंगाम कधी सुरू झाला ते बघा, कारण पाऊस मागंपुढं झाला की फुलंही मागंपुढं होतात. शुल्क आणि वेळाही तिथंच कळतात. दर दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो. त्यामुळं शेजारणीनं पाहिलं तेच तुम्हाला दिसेल असं नाही. पायात घट्ट बूट किंवा सँडल घाला, जांभा ओला असला की घसरतो. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी घाबरू नये. आक्का सावकाश चालल्या, दर पन्नास पावलांवर बसल्या आणि आमच्यापेक्षा जास्त फुलं त्यांनीच पाहिली.

आणि एवढ्या लांब जाणं जमलं नाही, तर आपल्या पन्हाळ्याजवळ मसाई पठार आहेच. तिथंही जांभा आहे, तिथंही पावसाळ्यात अशीच बारीक फुलं येतात. आता तेही संवर्धन राखीव क्षेत्र झालं आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिथं गेले होते, तेव्हा गाड्यांच्या चाकांचे चर थेट फुलांतून गेलेले पाहिले होते. त्यातली एक गाडी आमचीच होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं. गाडी खाली ठेवा आणि चालत जा, एवढंच सांगेन.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो, आणि ते टिकत नाही अशा गोष्टीबद्दल म्हणतो. पण तो तेरडा दरवर्षी परत येतो. शेंग झाडावर राहिली तर. येत्या गौरीला डहाळी आणताना परसातल्या तेरड्याच्या चार शेंगा तिथंच पिकू द्या. आक्कांनी हुपरीत आमच्या सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं आहे.

पुढच्या वेळी कर्जाच्या व्याजाबद्दल बोलू. वह्या पूर्ण करून ठेवा. नमस्कार.